जपानी कारागीर एकटा काम करत नाही

प्रश्न असा आहे: "प्रॉडक्ट डिझाइनचं शिक्षण संपलंय. जपानमध्ये तीन महिने राहता येईल इतके पैसे साठवलेत. तिथल्या एखाद्या उस्तादाच्या स्टुडिओत बसून काम बघायचंय. हे लोक खरंच इतकं शांत, एकाग्र आयुष्य जगतात का? त्यांचं भागतं कसं? आणि मी कुणाकडे जाऊ?"

तुमच्या प्रश्नातला उस्ताद आधी थोडा बाजूला ठेवू. मी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर तांब्या-पितळेच्या वस्तू डिझाइन करतो. त्याच कामाच्या निमित्ताने जपानमधल्या धातूच्या, लाखेच्या आणि मातीच्या गावांत जाणं-राहणं झालं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. फोटोत खिडकीपाशी एकटा बसलेला जो म्हातारा कारागीर दिसतो, त्याच्यामागे अर्धं गाव उभं असतं. फोटो खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्यामुळे कुणाकडे जाऊ यापेक्षा कुठल्या गावात जाऊ, हे आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर त्सुबामेपासून सुरुवात करा. त्सुबामे आणि शेजारचं सान्जो ही निइगाता प्रांतातली जोडगावं. शिनानो नदीच्या पुरात शेती वारंवार बुडायची, म्हणून सतराव्या शतकात इथल्या शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून खिळे ठोकायला घेतले. खिळ्यांवरून कानशी, तंबाखूच्या चिलमी, तांब्याची भांडी असं करत विसाव्या शतकात गाडी युरोपीय धाटणीच्या काट्या-चमच्यांवर आली. नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीत १९९१ पासून जे काटे-चमचे मांडतात ते इथलेच. सुरुवातीच्या आयपॉडची ती चकचकीत स्टीलची पाठ आठवत असेल. तिला पॉलिश केलं ते याच गावातल्या पॉलिशवाल्यांनी. दोनशे वर्षं जुन्या पद्धतीची तांब्याची किटली आणि आयपॉडची चकचकीत पाठ एकाच गावातून निघाली, कारण गावात पत्रा कापणारा वेगळा, साचा करणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि पॅकिंगची खोकी करणारा वेगळा आहे. नवीन वस्तू करायची म्हटली की डिझायनर सायकलवर फिरून अर्ध्या दिवसात सगळ्यांना भेटू शकतो.

तिथला ग्योकुसेन्दो हा १८१६ पासूनचा तांब्याच्या भांड्यांचा कारखाना. त्यांची ओळख म्हणजे एकाच पत्र्यातून, जोड न देता, तोटीसकट काढलेली किटली. आपल्याकडे तोटी वेगळी करून डाख देतात; इथे ती भांड्याच्या अंगातूनच काढतात. कारागीर जमिनीलगत, केयाकी झाडाच्या जाड ओंडक्यावर बसतो. ओंडक्याला भोकं असतात, त्यात वाकडी लोखंडी कांब खोचायची आणि तिच्या टोकावर भांडं अडकवायचं. मग ठोका पडायची जागा हलत नाही, डाव्या हाताने भांडं फिरत राहतं. तोंड अरुंद व्हायला लागलं की पत्र्याला चुण्या पडतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. चुणी दुमडली तर पत्रा चिरणार, म्हणून ती हळूहळू ठोकून अंगातच जिरवायची. तांबं ठोकून ठोकून कडक झालं की भट्टीत घालून परत मऊ करायचं आणि पुन्हा ओंडक्यावर यायचं. एका किटलीत हे चक्र कितीतरी वेळा होतं. भिंतीशी अशा शेकडो कांबी आणि हातोडे मांडलेले असतात, आणि कुठल्या वळणाला कुठली कांब घ्यायची हे वहीत लिहिलेलं नसतं.

आपल्या तांबटाला यातलं निम्मं बघताक्षणी कळेल. मठारकामात ठोक्याने भांड्याला घट्टपणा आणि चमक येते, ते तत्त्व तेच. फरक शेवटच्या रंगात आहे. आपण कल्हई भांड्याच्या आत करतो, खाण्यापिण्यासाठी. हे लोक काही भांड्यांना बाहेरून कथलाचा पातळ हात देतात, तो भट्टीत तांब्यात मुरवतात आणि मग गंधकयुक्त द्रावणात बुडवतात. त्यातून गडद, जांभळट झाक येते. माझ्याबरोबरच्या एका तांबटाला फोटो दाखवले तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "एवढा वेळ लावतात, पण घेतं कोण?"

प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये तेजीच्या काळात कंपन्या अशी भांडी भेटवस्तू म्हणून घाऊक घ्यायच्या. १९९० च्या दशकात मंदी आली आणि ही मागणी आटली. ग्योकुसेन्दोलाही माणसं कमी करावी लागली. मग त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला वळसा घातला. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ओंडका नेऊन लोकांसमोर ठोकायला बसले, ग्राहक काय म्हणतो ते स्वतःच्या कानाने ऐकलं आणि त्यावरून नवीन वस्तू काढल्या. आज त्यांच्याकडे तरुण कारागीर आहेत, त्यात मुलीही बऱ्याच आहेत. त्यांच्या कारखान्यात शांतता मात्र शोधू नका. ठोक्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

शांतता हवी असेल तर लाखकामाकडे जा. आधी एक खुलासा, कारण मराठी माणसाचा इथे हमखास घोळ होतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाख किड्यापासून मिळते आणि खरादावर उष्णतेने चढते. जपानी उरुशी म्हणजे झाडाचा चीक. तो वाळत नाही, आळतो, आणि त्यासाठी त्याला दमट हवा लागते. साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असलेल्या लाकडी कपाटात रंगवलेला वाडगा ठेवतात. कोरड्या हवेत तो दिवसच्या दिवस चिकट राहतो. कच्च्या चिकाने अंगाला पुरळ येतं, तेही भयंकर; नवशिक्याला ते भोगूनच पुढे जावं लागतं.

हा चीक येतो कुठून? झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, मग एका मोसमात त्याला चिरा देत चीक काढायचा. एका झाडातून साधारण एक पेलाभर, २०० मिलिलिटरच्या आसपास. मोसम संपला की झाड तोडतात. जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या उरुशीचा फारच थोडा हिस्सा देशी असतो, बाकी मुख्यतः चीनमधून येतो. देशी उरुशीचा मोठा भाग इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातून मिळतो. देवळं आणि राष्ट्रीय वारशाच्या इमारतींची डागडुजी देशी उरुशीनेच करायची असं सरकारने ठरवल्यापासून तिची मागणी वाढली. पण झाडाला वाढायला लागणारी वर्षं काही सरकारी निर्णयाने कमी होत नाहीत.

नोतो द्वीपकल्पावरचं वाजिमा हे लाखकामाचं सगळ्यात नावाजलेलं गाव. तिथल्या एका वाडग्याला शंभराहून जास्त टप्पे असतात असं सांगतात, आणि ते टप्पे एका माणसाचे नसतात. लाकूड कातणारा वेगळा. काठावर आणि बुडाला कापड चिकटवून, भाजलेल्या मातीची भुकटी मिसळून थर देणारा वेगळा. घासणारा वेगळा, हे काम बहुधा बायकांकडे. शेवटचा हात देणारा वेगळा, सोन्याची नक्षी करणारा आणखी वेगळा. या सगळ्यांच्या मध्ये एक व्यापारी-मुकादम असतो. तो ऑर्डर आणतो, माल घरोघरी फिरवतो, पैसे गुंतवतो आणि दर्जाची जबाबदारी घेतो. आपण कलेच्या गप्पांत मधल्या व्यापाऱ्याला नेहमी खलनायक करतो. वाजिमात तो काढून टाका, वाडगा पूर्ण होणार नाही.

शेवटचा हात देणाऱ्याच्या खोलीत सहसा कुणाला घेत नाहीत, कारण धूळ. एक कण बसला तरी पिसाच्या टोकाने तो उचलावा लागतो. तिथे मला दाखवलेला ब्रश अजून डोळ्यासमोर आहे. माणसाचे केस, तेही लांब, सरळ आणि रासायनिक रंग न लावलेले. ते चिकात भिजवून एक पातळ पट्टी करतात आणि ती हिनोकी लाकडाच्या फळ्यांत पूर्ण लांबीभर बंद करतात. टोक झिजलं की लाकूड तासून आतले नवे केस मोकळे करायचे. चांगला ब्रश एका कारागिराला आयुष्याचा मोठा भाग पुरतो. आता विचार करा, असे ब्रश करणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. लाखकाम करणारे शेकडो असले आणि ब्रशवाला गेला, तर काय? हीच कथा क्योतोतल्या निशिजिनच्या रेशमी विणकामात धोटे करणाऱ्यांची आहे आणि जोबोजीत चीक काढायची हत्यारं घडवणाऱ्या लोहाराची. तुम्ही कुठल्याही स्टुडिओत गेलात की कारागिराला त्याच्या कलेबद्दल विचारायच्या आधी हत्यारं कोण करतो ते विचारा. माणूस लगेच मोकळा होतो. तक्रारही करतो, आणि ती ऐकण्यासारखी असते.

वाजिमाला १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने ७.६ तीव्रतेचा धक्का दिला. सकाळच्या बाजाराचा प्रसिद्ध रस्ता आगीत गेला, अनेक कारखाने कोसळले. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि सावरायला लागलेली घरं पुन्हा चिखलात गेली. ज्यांचं नाव मोठं होतं त्यांना दुसऱ्या शहरात जागा मिळाली, प्रदर्शनं मिळाली. अडचण झाली ती गाव पांगल्याची. लाकूड कातणारा एका शहरात, थर देणारा दुसऱ्या. वाडगा पूर्वी गल्लीतून हातात नेला जायचा, तो आता कुरियरने फिरतो.

शिकण्याबद्दल. वाजिमात उमेदवारी साधारण चार वर्षांची असायची, त्यापुढे वर्षभर उपकाराची फेड म्हणून काम. मुदत संपली की समारंभ होतो आणि गुरू-शिष्य एकमेकांशी साकेचा पेला घेऊन बाप-लेकाचं नातं पक्कं करतात. आज पूर्वीसारखं गुरूच्या घरी राहणं कमी झालंय. बरेच जण आधी संस्थेत शिकतात: वाजिमात १९६७ पासूनची प्रांताची लाखकाम प्रशिक्षण संस्था आहे, मातीसाठी ताजिमी शहराचं १९५९ पासूनचं केंद्र आहे. तिथून निघून मग कारखान्यात पगारी नोकरी. पहिली काही वर्षं झाडू, माती मळणं, सामान उचलणं हे अजूनही चालतं. यामागे काही गूढ तत्त्वज्ञान आहे असं इंटरनेटवर वाचाल. माझ्या मते कारण साधं आहे: नवख्याच्या हातात महाग माल द्यायला कुणालाच परवडत नाही.

मातीच्या लोकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर आधीच भरपूर लिहिलं गेलंय. क्योतोला गेलात तर गोजोझाका भागातलं कुंभार कावाई कान्जिरोचं (१८९०–१९६६) घर चुकवू नका. त्याने १९३७ साली स्वतःच्या कल्पनेप्रमाणे बांधून घेतलेलं हे घर १९७३ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. मागच्या अंगणात उतारावर चढत जाणारी आठ खोल्यांची भट्टी आहे. ती एकट्या कावाईची नव्हती. शेजारपाजारचे कुंभारही आपापला माल त्यात लावत. सर्वोच्च किताब नाकारणारा हा माणूस भट्टी मात्र शेजाऱ्यांबरोबर वाटून घेत होता. पुढे क्योतोत धुराचे नियम आले आणि शहरातल्या अशा भट्ट्या बंद पडल्या.

त्याचा मित्र हामादा शोजी (१८९४–१९७८) इंग्लंडहून परतल्यावर १९२४ मध्ये तोचिगी प्रांतातल्या माशिकोला गेला. माशिको तेव्हा तोक्योच्या स्वयंपाकघरांसाठी मडकी आणि बरण्या करणारं साधं गाव होतं. त्याने गावाची जाडीभरडी मातीच घेतली, गावचाच दगड कुटून केलेली तपकिरी झिलई घेतली आणि भांड्यावर सही करायचं सोडून दिलं. आज माशिकोत शेकडो कुंभार आहेत. वसंतात आणि शरदात तिथे मोठी जत्रा भरते, १९६६ पासून, आणि तरुण कुंभारांचा वर्षाचा बराच खर्च तिथल्या विक्रीतून निघतो. भारतातही हा धागा पोचला आहे: दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानला शिकायला गेले तेव्हा याच मंडळींच्या सहवासात आले, आणि पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ मध्ये सुरू करणाऱ्या जोडीतल्या डेबोरा स्मिथ जपानमधल्या बिझेन या कुंभारकामाच्या गावी शिकल्या होत्या.

क्यूशूतलं ओन्ता हे याच्याही पुढचं टोक. १७०५ च्या सुमारास वसलेली, आजही दहाच्या आत कुंभारघरं असलेली वाडी. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं दिवसरात्र माती कुटतात. भांड्यावर कुणा एकाचं नाव नाही, घरटी एकच वारस, बाहेरचा शिष्य नाही. फार सुंदर आहे, पण भाबडेपणाने बघू नका. परंपरेने चाकावर पुरुष बसतो आणि मातीचं अंगमेहनतीचं काम बायकांकडे येतं. आणि धाकट्या भावाला वाडी सोडून दुसरं काही शोधावं लागतं.

तुम्ही डिझायनर आहात, म्हणून यानागी सोरीकडे (१९१५–२०११) वळतो. वडील यानागी सोएत्सु लोककलेच्या चळवळीचे प्रवर्तक, तोक्योतलं १९३६ चं लोककला संग्रहालय त्यांचं. मुलगा औद्योगिक डिझायनर झाला आणि पुढे त्याच संग्रहालयाचा संचालकही. तोक्योत योत्सुया भागात तळघरातला त्याचा स्टुडिओ म्हणजे प्लास्टरच्या धुळीने भरलेली खोली होती. आधी चित्र काढायचं नाही. प्लास्टरचा नमुना करायचा, हातात धरायचा, खरवडायचा, पुन्हा धरायचा. एकेका वस्तूला वर्षं लागत. त्याचं फुलपाखरू स्टूल म्हणजे वाकवलेल्या प्लायवूडचे दोन सारखे भाग आणि मध्ये एक पितळी दांडी. ते यामागाता प्रांतातल्या तेन्दोच्या कारखान्याने केलं, कारण प्लायवूड वाकवण्याचं तंत्र त्यांच्याकडे होतं. त्याचे स्टीलचे वाडगे आजही निघतात ते त्सुबामे-सान्जोच्या कारखान्यांतूनच.

हासामी या नागासाकी प्रांतातल्या चिनीमातीच्या गावातल्या कंपनीत मोरी मासाहिरोने १९५८ मध्ये सोया सॉसची छोटी बाटली डिझाइन केली. ती अजून विकली जाते आणि थेंब गळत नाही. हासामीतही साचेवाला, कच्चा माल ओतणारा आणि भट्टीवाला वेगवेगळे. साच्याची मर्यादा काय ते साचेवाल्याकडून समजून घेतल्याशिवाय तोटी अशी निघत नाही. स्टुडिओत बसून केलेलं डिझाइन आणि गावात बसून केलेलं डिझाइन यांतला फरक बघायचा असेल तर ही बाटली विकत घ्या, स्वस्त आहे.

आता पैशाचं. जपान सरकार निष्णात कारागिरांना-कलाकारांना देतं तो 'लिव्हिंग नॅशनल ट्रेझर' (जिवंत राष्ट्रीय ठेवा) हा किताब ऐकला असेलच. १९५० चा वारसा कायदा १९५४ मध्ये सुधारला आणि १९५५ पासून ही मान्यता सुरू झाली. वर्षाला २० लाख येन मिळतात, म्हणजे आपले अकरा-बारा लाख रुपये. हा पगार नाही. कला पुढे शिकवण्यासाठीचा निधी आहे. एका वेळी शंभर-सव्वाशेहून जास्त लोकांना तो मिळत नाही. उरलेल्यांसाठी १९७४ चा पारंपरिक हस्तउद्योगांचा कायदा आहे. तो व्यक्तीला ओळखत नाही, परिसराला ओळखतो: तंत्र किमान शंभर वर्षांचं हवं, वस्तू रोजच्या वापरातली हवी, आणि साधारण दहा कारखाने किंवा तीस माणसं त्या कामात हवीत. असे २४० हून अधिक उद्योग यादीत आहेत. तरी घसरण थांबलेली नाही. १९७० च्या दशकाअखेर या क्षेत्रात सुमारे २ लाख ८० हजार लोक होते, २०१६ पर्यंत ते ६२ हजारांच्या आसपास आले. मान खूप आहे, गिऱ्हाईक कमी आहे. बऱ्याच घरांत एकाची नोकरी घर चालवते आणि दुसरा हस्तकाम करतो.

जायची तयारी म्हणाल तर पर्यटक व्हिसावर फक्त बघता येतं, काम करता येत नाही. शिकायला राहायचं असेल तर सांस्कृतिक उपक्रमांसाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्यासाठी तिकडच्या शिकवणाऱ्याची कागदपत्रं लागतात. तीन महिन्यांच्या पहिल्या फेरीत त्याच्या मागे लागू नका. त्सुबामे-सान्जोला शरदात कारखाने खुले करण्याचा उत्सव असतो, २०१३ पासून. एरवी ज्या कारखान्यांत नुसतं डोकवायला लाजाल तिथे त्या दिवसांत कारागीर स्वतः समजावतात. तिथे जवळपास महिनाभर राहा, मग ओतीव धातूकामाचं ताकाओका किंवा चिनीमातीचं हासामी यांपैकी एक गाव, आणि शेवटी क्योतो. तोक्योला दोन दिवस पुरे.

आधी जपानीतून पत्र पाठवा, छोटं आणि नेमकं: कोण आहात, काय बघायचंय, किती वेळ. ईमेलला उत्तर आलं नाही तर रागावू नका, कित्येक कारखान्यांत अजून फॅक्स चालतो. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला चहाची सुट्टी होते. बोलायची वेळ ती, ठोके चालू असताना नाही. फोटो विचारून काढा आणि झिलईचं किंवा रंगाचं माप विचारू नका. भेट म्हणून स्वतः केलेली एखादी लहान वस्तू न्या, मिठाईपेक्षा तिने गप्पा लवकर रंगतात. मी मठारलेली वाटी नेतो. आणि हिवाळ्यात जाणार असाल तर लोकरी मोज्यांचे दोन-तीन जोड घ्या. बऱ्याच ठिकाणी बूट बाहेर काढावे लागतात, आणि त्या जुन्या लाकडी कारखान्यांत गरम फक्त भट्टी असते.